काडीमोड, फारकत आणि रद्दबातल विवाह : एक ऐतिहासिक विचार

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत विवाहाचा विषय दरवर्षी निघतो. उपवर वधुवरांची यादी असते, सामुदायिक विवाहाचा वृत्तांत असतो, हुंडा व मानपान यांविषयी चार शब्द असतात. परंतु जुळलेला संबंध पुढे न जुळता तुटण्याची वेळ आली म्हणजे काय करावे, याविषयी आपण बहुधा मौन पाळतो. अमंगळ गोष्ट मंगलकार्याच्या पानांत कशास, अशी त्यामागील भावना असावी. ही भावना समजण्यासारखी आहे. पण मौनाने कोणाचे हित होत नाही. अलीकडे नेर येथे काय किंवा दारव्हा-यवतमाळकडे काय, दोन्ही घरांची माणसे समंजस आहेत, भांडण नाही, कज्जा नाही, केवळ मुलगा व मुलगी यांचे जमत नाही, अशी उदाहरणे आपल्या परिचयात येऊ लागली आहेत. अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. ते असे की, घटस्फोट नको, त्याने मुलीच्या नावास बट्टा लागतो. लग्न मुळात झालेच नाही असे कोर्टाकडून लिहून घेता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर वकिलाने द्यावयाचे हे खरे. तथापि त्यामागील इतिहास जाणून घेणे आपणा सर्वांच्या आवाक्यातील आहे, आणि तो जाणला म्हणजे पुष्कळसे उत्तर आपोआप मिळते. म्हणून त्या इतिहासाचे थोडे दिग्दर्शन येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

शास्त्र आणि रूढी

हिंदूंमध्ये विवाह हा संस्कार असल्याने तो कधीच तुटत नसे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. हे विधान अर्धेच खरे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पतिपत्नींना परस्परांविषयी द्वेष उत्पन्न झाल्यास त्यांची सुटका होऊ शकते असे सांगितले आहे. एकाचाच द्वेष असून दुसऱ्याची इच्छा नसेल तर ती होत नाही. मात्र ब्राह्मादी धर्म्य विवाहांना ही सवलत त्याने नाकारली आहे. नारद व पराशर यांच्या स्मृतींत पती बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, क्लीब निघाला किंवा पतित झाला, तर स्त्रीने दुसरा पती करण्याचा प्रसंग सांगितला आहे. नारदाने तर विवाहापूर्वी वराच्या पुरुषत्वाची परीक्षा करावी असेही म्हटले आहे. यावरून दोन निरनिराळ्या कल्पना फार जुन्या काळापासून चालत आल्याचे दिसून येईल. एक, जुळत नाही म्हणून संमतीने वेगळे होणे. दुसरी, विवाहाच्या मुळातच दोष असल्यामुळे तो न टिकणे. आजच्या कायद्यातील घटस्फोट आणि विवाहाची शून्यता या दोन मार्गांचे बीज या दोन कल्पनांत आहे.

शास्त्र ग्रंथांत राहिले. व्यवहार रूढीने चालला. महाराष्ट्रातील बहुसंख्य ज्ञातींत विवाह मोडण्याची रीत पूर्वापार होती आणि तिला मराठीत एक नव्हे, अनेक नावे आहेत. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द आजही आपल्या बोलण्यात आहेत. पंचांसमक्ष गवताची काडी मोडावयाची आणि जसे हिचे दोन तुकडे झाले तसे आपण दोघे वेगळे झालो असे जाहीर करावयाचे, ही काडीमोड. पतीने स्त्रीस लेखी मोकळीक द्यावयाची, ती सोडचिठ्ठी. फारकत हा शब्द अरबी-फारसीतून आला असून देणेघेणे फिटल्याच्या पावतीसही तोच लावीत असत. सावकाराच्या वहीतील शब्द नवराबायकोच्या वाट्यास यावा यात प्रथमदर्शनी विचित्र वाटेल; पण हिशेब पुरा झाला, आता एकमेकांकडे येणे उरले नाही, हा अर्थ त्याहून नेमका कोणता शब्द सांगेल?

फारकत मिळालेल्या स्त्रीचा पुढे पाट लागे. पेशवाईत पाटदाम नावाची करपट्टीही होती. सरकार ज्यावर कर घेते ती गोष्ट चोरून होत नसते. १८२७ साली आर्थर स्टील याने एलफिन्स्टनच्या राजवटीत दक्षिणेतील ज्ञातींचे आचार गोळा करून प्रसिद्ध केले, त्यांत पाट व काडीमोड यांची नोंद आहे. आपल्या भागापुरते पाहू गेल्यास रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यातही कित्येक कृषक व कारागीर जातींत पंचांपुढे विवाह मोडण्याची चाल असल्याचे वर्णन आढळते.

या चालीत दोष नव्हते असे आमचे म्हणणे नाही. पंच बहुधा पुरुषच असत. स्त्रीचे म्हणणे विचारलेच जाई असे नाही. दंडाची रक्कम काही वेळा पंचांच्या जेवणावळीत खर्च पडे. परंतु एक गुण मान्य केला पाहिजे. काडी मोडताना ती मुळात अखंड होती हे सर्वांस दिसत असे. झालेला विवाह झालाच नव्हता असे म्हणण्याची आपल्या पूर्वजांस गरज भासली नाही.

इंग्रजी न्यायालयांची दृष्टी

इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर पंचांचा निर्णय व सरकारी न्यायालय यांचा सामना सुरू झाला. १८६४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने, पहिल्या पतीची संमती नसता स्त्रीने त्यास सोडून दुसरा विवाह करावा अशी रूढी ग्राह्य धरण्याचे नाकारले. १८७६ च्या संभू रघू या प्रसिद्ध खटल्यात, विवाह मोडला असे ठरविण्याचा किंवा स्त्रीस पुनर्विवाहाची मोकळीक देण्याचा ज्ञातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असा स्पष्ट निर्णय झाला. पंचांनी परवानगी दिली होती, ही सबब द्विभार्या-द्विपतीच्या गुन्ह्यातून सोडवू शकली नाही. पुढे १९१५ साली याच न्यायालयाने आणखी एक रूढी अमान्य केली. ज्ञातीने ठरविलेली रक्कम भरून एका पक्षाने दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध मोकळे व्हावे, अशी ती रूढी होती.

यावरून न्यायालये सर्वच रूढींच्या विरुद्ध होती असे कोणी समजू नये. मद्रासच्या उच्च न्यायालयाने १८९४ मध्ये दोघांच्या संमतीने विवाह मोडण्याची रूढी अनीतिकारक नाही असे म्हटले. सर्व निर्णय एकत्र ठेवून पाहिले असता त्यांतून एकच सूत्र निघते. पंचांच्या शिक्क्यास किंमत नाही. दोघांच्या संमतीस आहे. हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आजच्या कायद्याचाही तोच कणा आहे.

रखमाबाईंचा खटला

जेथे विवाह मोडण्याचा एकही मार्ग उघडा नसतो तेथे काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण डॉ. रखमाबाई यांचे होय. त्यांचा जन्म १८६४ सालचा, सुतार ज्ञातीत. आई विधवा झाल्यावर ज्ञातीच्या रीतीप्रमाणे तिचा दुसरा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षाच्या सुमारास दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या. संसार असा झालाच नाही. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी तो फेटाळला. परंतु १८८६ साली अपिलात तो निर्णय फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जा अन्यथा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाई कैदेस सिद्ध झाल्या. नांदावयास गेल्या नाहीत.

शेवटी १८८८ च्या जुलैत तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची बजावणी सोडून दिली. एवढे सारे झाले, इंग्लंडपर्यंत चर्चा गेली, वृत्तपत्रांचे रकाने भरले. तथापि विवाह मात्र मोडला नाही. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. पण कायद्याच्या दृष्टीने त्या दादाजींच्या पत्नीच राहिल्या. पैशाचा हिशेब पुरा झाला, संबंधाचा झाला नाही.

त्यांचा विवाह शून्य ठरवावा तर अल्पवय हे त्यास कारण होत नव्हते. घटस्फोट घ्यावा तर हिंदूंसाठी तसा कायदाच नव्हता. दोन्ही दारे बंद असल्यावर तडजोड किती अपुरी पडते ते यावरून कळून येते. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या. त्याच वर्षी १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. ज्या दारापाशी त्या एकवीस-बावीस वर्षांच्या असता उभ्या होत्या, ते उघडलेले पाहून चार महिन्यांनी त्यांनी देह ठेविला.

कायदा वऱ्हाडात कसा आला

हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा प्रथम संस्थानांत झाला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत काडीमोडीविषयी कायदा केला. त्यांनी लोकांच्या तोंडचा शब्दच कायद्यास दिला, हे विशेष. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात १९३१ मध्ये हिंदूंच्या विवाहविच्छेदाचा निर्बंध झाला. मध्यवर्ती कायदेमंडळात मुंबईचे डॉ. गोपाळ विनायक देशमुख यांनी १९३८ साली हिंदू स्त्रियांच्या घटस्फोटाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला.

येथे आपल्या भागाचा इतिहास ध्यानी घेतला पाहिजे. मुंबईचा हा कायदा नेरला लागू झाला नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला, १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेला, आणि पुण्या-साताऱ्याकडे घटस्फोटाचा कायदा झाला तेव्हा आपण नागपूरच्या कारभाराखाली होतो. १९३६ पासून आपले उच्च न्यायालयही नागपूरचेच होते. त्यामुळे १९४७ ते १९५५ या आठ वर्षांत साताऱ्याच्या मुलीस जो मार्ग उपलब्ध होता तो नेरच्या मुलीस नव्हता. तिला ज्ञातीची रूढी हाच आधार. १९५५ च्या कायद्याने हा भेद मिटविला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

या केंद्रीय कायद्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे परिश्रम होते. हिंदू संहितेच्या विधेयकावरील चर्चेत त्यांनी विरोधकांस दाखवून दिले होते की, हिंदू समाजातील फार मोठ्या भागात रूढीने घटस्फोट पूर्वीपासून चालतच आहे. नवीन काही आणले जात नाही. विधेयक रखडल्यामुळे १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. नंतर ते तुकड्यातुकड्यांनी संमत झाले. त्यात रूढीचा मानही राखला गेला. रूढीने किंवा विशेष कायद्याने मिळालेला विवाहविच्छेदाचा हक्क या कायद्याने बाधित होत नाही, असे २९ व्या कलमात म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यातील गोंड, कोलाम, आंध आदी अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही. त्यांचा व्यवहार त्यांच्या रूढीप्रमाणे चालतो.

विवाह शून्य ठरविण्याची कल्पना

आता रद्दबातल विवाहाकडे वळू. लग्न झालेच नव्हते असे न्यायालयाने जाहीर करावे, ही कल्पना आजच्या स्वरूपात आपल्याकडे युरोपातून आली. रोमन कॅथलिक चर्चच्या नियमांत घटस्फोटास स्थान नव्हते. म्हणून संबंध तोडावयाचा तर तो मुळातच सदोष होता असे सिद्ध करण्यावाचून गत्यंतर नसे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने वीस वर्षांहून अधिक काळ नांदलेल्या राणी कॅथरीनशी असलेला विवाह १५३३ मध्ये याच रीतीने शून्य ठरवून घेतला, आणि त्या प्रकरणात त्या देशाचा चर्चच रोमपासून तुटला. इंग्लंडात न्यायालयाकडून घटस्फोट मिळू लागला तो १८५७ च्या कायद्यानंतर. त्या धर्तीवर १८६९ साली येथील ख्रिस्ती लोकांसाठी कायदा झाला आणि त्यातील शून्यतेची कलमे रूपांतर पावून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आली.

सारांश, ज्या समाजात घटस्फोट निषिद्ध होता त्या समाजाने शोधलेली ही वाट आहे. आपल्याकडे काडीमोड खुली असल्याने तिची तितकी आवश्यकता पडली नव्हती. आज मात्र उलट झाले आहे. काडीमोडीची लाज वाटू लागली आणि परक्या वाटेचे आकर्षण वाटू लागले.

दोन मार्गांतील अंतर

कायद्याने विवाहाचे दोष दोन प्रतींचे मानले आहेत. पहिल्या प्रतीचा दोष असेल तर विवाह आरंभापासूनच शून्य असतो. पहिली पत्नी किंवा पहिला पती हयात असता केलेला विवाह, निषिद्ध नात्यातील विवाह आणि सपिंड विवाह हे या प्रकारचे होत; नात्याच्या बाबतीत रूढीची अनुज्ञा असल्यास गोष्ट निराळी. दुसऱ्या प्रतीच्या दोषाने विवाह शून्यनीय होतो, म्हणजे एका पक्षाने मागणी करून न्यायालयाने रद्द करीपर्यंत तो वैधच असतो. नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध घडला नसणे, विवाहास संमती देण्यास अपात्र करणारी मनोविकृती, बळजबरीने किंवा फसवणुकीने मिळविलेली संमती, आणि विवाहसमयी वधू परपुरुषापासून गर्भवती असून वरास ते ठाऊक नसणे, ही ती कारणे.

ही कारणे पुन्हा एकवार वाचून पाहावी. यांत जमत नाही, स्वभाव भिन्न आहेत, मुलीस पुण्यात राहावयाचे आहे आणि मुलास शेती सोडावयाची नाही, असे एकही कारण नाही. केवळ शरीरसंबंध झाला नाही एवढेही पुरत नाही. तेव्हा दोन समंजस कुटुंबांनी विवाह रद्दच करून घ्यावयाचे ठरविले तर कोणाला तरी खोटे पांघरूण घ्यावे लागेल. मुलगा नपुंसक आहे असे तरी लिहावे लागेल, किंवा मुलगी वेडी आहे असे, किंवा एका घराने दुसऱ्यास फसविले असे. कागदावर एकदा उमटलेला असा शब्द त्या व्यक्तीचा पाठलाग सोडीत नाही. बट्टा नको म्हणून निघालेली मंडळी आपल्याच हाताने त्याहून काळा बट्टा लावून घेतात, यास सलोखा कसा म्हणावा?

शिवाय कायदा असे संगनमत चालू देत नाही. शून्यनीय विवाहाच्या अर्जात दोन्ही पक्षांनी आतून हातमिळवणी केलेली नाही अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते, दुसरा पक्ष गप्प बसला तरीही. बळजबरी व फसवणूक यांसाठी मुदतही घातलेली आहे. फसवणूक उघड झाल्यापासून किंवा बळजबरी संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे आणि त्यानंतर स्वखुशीने एकत्र राहिलेले नसावे. पगाराची किंवा शिक्षणाची प्रत्येक बढाई ही त्या अर्थाने फसवणूक ठरेलच असे नाही.

याचा अर्थ हा मार्ग वाईट आहे असा नव्हे. जेथे दोष खरोखरच आहे तेथे तोच योग्य. मुलाचे पहिले लग्न लपविले होते, किंवा मुलीस धाक घालून बोहल्यावर उभे केले, तर तिने विवाह झाला व मोडला असे का म्हणावे? तो सत्यतः झालाच नव्हता. बालविवाहाच्या बाबतीतही २००६ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे. बालवयात विवाह झालेल्या व्यक्तीस सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो रद्द करून मागता येतो. रखमाबाईंवर १८८४ साली दावा दाखल झाला तेव्हा त्या विशीच्या आतबाहेर होत्या, हे आठवले म्हणजे या तरतुदीचे मोल कळेल. अशा प्रकरणी मात्र दिरंगाई करू नये. चार वर्षे मनधरणीत घालवून मग वकिलाकडे जाणाऱ्यांची मुदत निघून गेलेली असते.

परस्परसंमतीचा मार्ग

सलोख्याने वेगळे होऊ इच्छिणाऱ्यांसाठी सरळ मार्ग १९५५ च्या मूळ कायद्यात नव्हता, हे सांगितले पाहिजे. नोंदणी पद्धतीच्या विवाहांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तो दिला होता; हिंदू विवाह कायद्यात तो १९७६ च्या दुरुस्तीने, १३-ब या कलमाच्या रूपाने आला. मधल्या एकवीस वर्षांत संमतीने विभक्त होऊ पाहणाऱ्यांनाही क्रूरता, परित्याग असे काहीतरी एकमेकांवर सिद्ध करावे लागे. गोमंतकात पोर्तुगीज राजवटीच्या १९१० च्या कायद्याने परस्परसंमतीचा घटस्फोट त्यापूर्वीच उपलब्ध होता. खुद्द इंग्लंडात संमतीला कायद्यात स्थान मिळाले ते १९६९ च्या सुधारणेने. आपल्या पूर्वजांच्या काडीमोडीस हे सारे फार उशिरा येऊन मिळाले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या मार्गात कोणीही कोणावर दोष ठेवावयाचा नाही. एक वर्ष किंवा अधिक काळ वेगळे राहत आहोत, एकत्र राहणे शक्य झाले नाही आणि विवाह मोडावा असे दोघांनी ठरविले आहे, एवढेच दोघांनी मिळून सांगावयाचे. त्यानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा दोघांनी तेच सांगावयाचे. ही सहा महिन्यांची थांबण्याची अट योग्य प्रकरणी न्यायालय शिथिल करू शकते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. १९९१ च्या निर्णयाप्रमाणे हुकूमनामा होईपर्यंत कोणाही एकास संमती मागे घेता येते. काहींना हा दोष वाटतो. आम्हास तो गुण वाटतो. जुन्या पंचायतीत मुलीने मान हलविली की प्रकरण संपे. येथे तिला दोनदा विचारले जाते आणि मध्यंतरी विचार बदलण्याची मुभा असते.

मुलाबाळांविषयीही एक गैरसमज आहे. विवाह शून्य ठरला तर मुले अनौरस ठरतील, या भयाने काही स्त्रिया फसवणूक सोसत राहतात. १९७६ च्या दुरुस्तीनंतर शून्य अथवा शून्यनीय विवाहातील मुले औरसच मानली जातात, आणि आईबापांच्या मालमत्तेत त्यांना हक्क आहे; एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आईबापाच्या वाट्यास जो भाग आला असता त्यातही तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले. विवाह शून्य ठरला तरी पोटगी मागता येते, हे फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयाने निश्चित झाले; ती द्यावी की नाही हे प्रकरण पाहून न्यायालय ठरविते. म्हणजे पोटगीपासून सुटका व्हावी म्हणून विवाह रद्द करून घेऊ, असा हिशेब कोणी मनात मांडीत असेल तर तोही फुकट आहे.

ज्ञातिमंडळाचे कर्तव्य

आता आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. अद्यापही काही ठिकाणी चार प्रतिष्ठित मंडळी बसतात, मुद्रांकाच्या कागदावर फारकतनामा लिहिला जातो, सह्या-अंगठे होतात आणि प्रकरण मिटले असे समजून दोघांची पुन्हा लग्ने जुळविली जातात. २९ व्या कलमाने रूढी राखली आहे हे खरे. पण ती रूढी त्या ज्ञातीत प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावले आहे. तसे सिद्ध न झाल्यास पहिला विवाह कायम, दुसरा शून्य, आणि दुसरा विवाह करणारा शिक्षेस पात्र. त्यात सर्वाधिक हाल होतात ते दुसऱ्या संसारात पडलेल्या मुलीचे. तिचा काही अपराध नसता तिच्या लग्नाची कायद्याच्या दृष्टीने किंमत शून्य होते आणि नोकरी, निवृत्तिवेतन, सात-बारा यांपैकी प्रत्येक ठिकाणी तिला अडविले जाते. १८७६ च्या खटल्याचा धडा दीडशे वर्षे होत आली तरी आपण पुरता गिरविलेला नाही.

यास्तव आमची सूचना अशी आहे. ज्येष्ठांनी बसावे, अवश्य बसावे. समजूत घालावी, आणि समजूत पटत नसेल तर देणेघेणे नीट लावून द्यावे. स्त्रीधन, दागिने, लग्नात दोहोंकडून आलेल्या वस्तू, मुलांचे राहणे व शिक्षण, पोटगीची रक्कम, हे सर्व लेखी ठरवावे. या कामात ज्येष्ठांचा अनुभव वकिलापेक्षाही उपयोगी पडतो. परंतु तो कागद शेवटचा समजू नये. तो घेऊन दोघांनी अधिकारी न्यायालयात जावे आणि हुकूमनामा हाती पडल्यावाचून व अपिलाची मुदत संपल्यावाचून पुढील सोयरिकीचे बोलणे करू नये. वधुवरसूचीत नाव घेताना मंडळानेही हुकूमनाम्याची प्रत पाहण्याचा परिपाठ ठेवावा.

त्याचबरोबर घटस्फोट घेतला म्हणून कोणास पंगतीतून उठविणे, कार्यास न बोलावणे, दंड मागणे हे प्रकार सर्वथा वर्ज्य समजावे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा असून तो २०१७ पासून अमलात आहे; अशा वागणुकीस त्यात शिक्षा आहे. पण शिक्षेच्या भयाने नव्हे, तर आपल्याच परंपरेस स्मरून आपण हे करावे. फारकत झालेल्या लेकीस आपल्या आजोबा-पणजोबांनी घरात घेतले होते, तिचा पाट लावून दिला होता आणि तिच्या मुलांस गोतात बसविले होते. पांढरपेशेपणाच्या ओढीने ती उदारता मध्यंतरी आपण गमावली.

म्हणून जेव्हा एखाद्या घरी हा कठीण प्रसंग येईल तेव्हा पहिला प्रश्न, कोणत्या शब्दाने अब्रू राहील, असा विचारू नये. खरे काय घडले, हा विचारावा. विवाहाच्या मुळात फसवणूक वा बळजबरी असेल तर निर्भयपणे व वेळेवर तो रद्द करून घ्यावा. आणि दोन भल्या माणसांचे केवळ जमले नसेल, तर विवाह झाला होता, तो सचोटीने संपविला, असे सांगण्यात मुलीस वा मुलास कोणताही कमीपणा नाही. मोडलेली काडी ही एकेकाळी सर्वांसमक्ष मोडली जात असे. ती लपवावी लागू नये, एवढी जागा आपल्या ज्ञातीने आपल्या मुलामुलींसाठी पुन्हा करून द्यावी, इतकीच आमची सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे.